मॅटप्लॉटलिबमध्ये मराठी लेबलांऐवजी चौकोन. फॉन्ट बदलला तरी जोडाक्षरं तुटतात

तुमचं मॅटप्लॉटलिबचं (पायथनमधली आलेख काढायची लायब्ररी) इन्स्टॉलेशन ठीक आहे, पुन्हा पिप (पायथनची पॅकेजं बसवणारी आज्ञा) चालवू नका. इथे दोन वेगळ्या भानगडी आहेत.

चौकोन येतात कारण मॅटप्लॉटलिबचा मूळ फॉन्ट देजावू सॅन्स, आणि त्यात देवनागरी नाही. नोटो सॅन्स देवनागरी टाकूनही 'फॉन्ट सापडला नाही' अशी सूचना येत असेल तर जुनी फॉन्टयादी कॅशमध्ये अडकली आहे. कॅश फोल्डरमधली 'फॉन्टलिस्ट' नावाची जेसॉन फाइल उडवा आणि कर्नल (नोटबुकमागे चालणारं पायथन) रीस्टार्ट करा. किंवा मॅटप्लॉटलिबच्या फॉन्ट मॅनेजरमधल्या 'अ‍ॅडफॉन्ट'ला टीटीएफ (फॉन्टच्या) फाइलचा पूर्ण पत्ता द्या. मला हेच बरं वाटतं, फॉन्टफाइल सोबत देऊन पत्ता बदलला की दुसऱ्याच्या मशीनवरही चालतं.

खरी डोकेदुखी पुढची. 'किंमत'मधली वेलांटी क च्या उजवीकडे जाते, 'स्त्री'चे पाय मोडलेले दिसतात. यात फॉन्टचा दोष नाही. मॅटप्लॉटलिब (३.१० पर्यंत तरी) अक्षरं नुसती एकापुढे एक मांडतं, जोडाक्षर घडवत नाही. त्यामुळे फॉन्ट बदलत बसण्यात अर्थ नाही.

सोपी पळवाट: आरसीपॅराम्समध्ये (मॅटप्लॉटलिबच्या सेटिंग्जमध्ये) 'एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप'ची किंमत 'नन' (none, अवतरणात, स्ट्रिंग म्हणून) ठेवा आणि आलेख एसव्हीजीत सेव्ह करा. मजकूर मजकूरच राहतो, जोडाक्षरं ब्राउझर किंवा इंकस्केप (एसव्हीजी चित्रं उघडणारं सॉफ्टवेअर) नीट लावतं. पीएनजी हवं तर इंकस्केपमधूनच काढा. प्रबंधासाठी पीडीएफ हवी असेल आणि लाटेक आधीच असेल, तर मॅटप्लॉटलिबचा पीजीएफ बॅकएंड (चित्र तयार करणारा भाग) झीलाटेकसोबत (लाटेकचा एक प्रकार) वापरा. थेट पीएनजीसाठी एमपीएलकैरो हा बॅकएंड आहे.

सीबॉर्न (आलेखांचीच दुसरी लायब्ररी) वापरत असाल तरी हेच सगळं लागू, आत मॅटप्लॉटलिबच आहे.