गोबी बाहेर बसलाय, पण कोळंबी कुठेय?

मागच्या अंकात मरीन टँकच्या, म्हणजे घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीच्या, देखभालीबद्दल लिहिताना पिस्टल श्रिम्प आणि गोबी या जोडीवर जाता जाता दोन परिच्छेद लिहिले होते, की ही कोळंबी वाळूत बीळ खणते आणि गोबी नावाचा मासा त्या बिळाच्या तोंडाशी पहारा देतो. पत्रं आली ती सगळी त्या दोन परिच्छेदांवरच, आणि त्यातली बहुतेक बडोद्याची. बडोद्याला समुद्र नाही पण हौस दांडगी आहे, त्यामुळे या वेळी फक्त बडोदेकर. इंदूर-ग्वाल्हेरवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न : माझा अडीच फुटी टँक आहे, साधारण सव्वाशे लिटरचा, व्यवस्थित सायकल झालेला (म्हणजे अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया वाढलेला). टायगर पिस्टल आणि पिवळा वॉचमन गोबी एकाच दिवशी आणले. श्रिम्प सोडल्या सोडल्या दगडामागे गेली ती गेलीच, तीन आठवडे झाले. गोबी भलत्याच कोपऱ्यात पावरहेडखाली (पाणी फिरवणाऱ्या पंपाखाली) बसून असतो. मिस्टर म्हणतात पैसे पाण्यात गेले. दगड उचलून बघू का?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : ताई, दगड अजिबात उचलू नका. ती जिवंत असेल तर तुम्ही तिचं बीळ तिच्याच अंगावर पाडाल, आणि मेली असेल तर उचलून उपयोग नाही, सव्वाशे लिटरमध्ये एवढीशी कोळंबी मेल्याने पाणी सहसा बिघडत नाही, अमोनिया एकदा चेक करा म्हणजे झालं. तीन आठवडे दिसली नाही हे या जनावराच्या बाबतीत काहीच नाही. ती मुळात बिळातली आहे, तिला नीट दिसत नाही, उजेडात उघड्यावर येणं म्हणजे तिच्यासाठी मरण, मग ती तुमच्या दिवाणखान्याकडे तोंड करून कशाला बसेल?

तिला शोधू नका, तिचं काम शोधा. सकाळी लाइट लागायच्या आधी टॉर्च घेऊन दगडाच्या पायथ्याशी बघा, काल नव्हता असा वाळूचा छोटा ढीग आहे का, शिंपल्याचे तुकडे जागा बदलतायत का, आणि रात्री टक असा आवाज येतो का. यातलं एक जरी असेल तर बाई मजेत आहेत. आणि एक दिवस वाळूवर आख्खी कोळंबी आडवी पडलेली दिसेल, तेव्हा रडारड करू नका, आधी ड्रॉपरने हलवून बघा, पोकळ आणि पारदर्शक असेल, पाठीचं कवच आणि शेपूट यांच्या मधे फाटलेलं असेल तर ती टाकलेली कात आहे. कात टाकल्यावर नवीन कवच कडक होईपर्यंत ती आणखीच लपते, म्हणजे न दिसण्याचे अजून काही दिवस धरा.

आता गोबी वेगळ्या कोपऱ्यात का. कारण त्यांना एकमेकांचा पत्ताच लागलेला नाही. दोघं एकाच पिशवीतून आले म्हणून जोडी होत नाही, दोघांनी एकाच भोकापाशी यावं लागतं. माणसाने एवढंच करायचं की गोबीला त्या कोपऱ्यात बसणं नकोसं करायचं. पावरहेडची दिशा थोडी बदला आणि खाणं नेहमी दगडाच्या त्या बाजूला टाका जिथे श्रिम्प गेली होती, पिपेटने, दोन-चार मायसिस (माशांना घालतात ते बारीक कोळंबीसारखे जीव), रोज त्याच जागी. गोबी तिकडे सरकेल आणि श्रिम्पलाही वास लागेल. नवीन जोडी आणणाऱ्यांसाठी आणखी सोपं आहे, पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा वाळूत अर्धा तिरका पुरून ठेवायचा, एक तोंड पुढच्या काचेला टेकेल असा, आणि श्रिम्पला ट्यूबमधून थेट त्या पाइपाच्या तोंडाशी सोडायचं. तयार आडोसा मिळाला की बहुतेक वेळा ती तिथूनच पुढे खणते, आणि बोगदा काचेलगत आला तर तुम्हाला आतलं दिसतं पण.

आणि ते बघण्यासारखंच असतं हो. ती पुढचे दोन्ही आकडे, म्हणजे नांग्या, जोडून वाळू ढकलत बाहेर येते, दारात वाळू टाकते, परत फिरते, परत येते, असं तासन्‌तास. शिंपल्याचा तुकडा मिळाला तर तो छताला लावून बघते, पसंत नाही पडला तर काढते, फिरवून परत लावते. या सगळ्यात एक लांब मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली. जुन्या वाड्याच्या ओट्यावर आजोबा बसतात ना, आत बायकांची कामं चाललेली आणि हे नुसते येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवून, तसा गोबी दारात बसलेला असतो. मोठा मासा आला की तो शेपटीला बारीकशी थरथर देतो, मिशीतून ते तिला कळतं आणि ती जागच्या जागी थांबते किंवा मागे सरते. फारच जवळ आला तर गोबी स्वतःच डोकं खाली करून आत सूर मारतो, मग विचारायलाच नको. मिशी टेकवायला कोणी नसेल तर ती बाहेर येतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून ताई, तुमची श्रिम्प हरवलेली नाही, तिचा पहारेकरी पावरहेडखाली बसलाय.

प्रश्न : आमच्याकडे टँक हॉलमध्ये आहे आणि सासूबाई बाजूच्या खोलीत झोपतात. रात्री दोन वाजता काच तडकल्यासारखा आवाज येतो, त्या दोनदा उठून बादली घेऊन आल्या. यूट्यूबवर बघितलं की पिस्टल श्रिम्पच्या आवाजाने काच फुटते. खरं आहे का?
— दांडिया बाजार

उत्तर : सासूबाईंना सांगा बादली जागेवर ठेवा. पिस्टल श्रिम्पच्या आवाजाने टँक फुटत नाही. काच फोडण्याच्या गोष्टी सांगतात त्या मँटिस श्रिम्पच्या, ती ठोसा मारते, ते वेगळं जनावर. तुमचं आपलं आकडा मिटवतं.

पण हा मिटवण्याचा प्रकार भारी आहे. तिच्या दोन आकड्यांपैकी एक अंगाच्या मानाने अवाढव्य असतो, तो इतक्या जोरात मिटतो की मधलं पाणी सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वेगाने पिचकारीसारखं बाहेर फेकलं जातं. लोकांना वर्षानुवर्षं वाटायचं की आवाज आकड्याच्या दोन पात्या एकमेकांवर आपटण्याचा. २००० साली नेदरलँड्स आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने शूट करून दाखवलं की पाणी एवढ्या वेगाने सुटल्यावर दाब घसरून एक बुडबुडा तयार होतो, आणि तो बुडबुडा कोसळतो त्याचा हा टक. २००१ मध्ये त्याच गटाने पुढचं दाखवलं की कोसळताना प्रकाशाचा एक अतिसूक्ष्म झोत निघतो, डोळ्याला दिसत नाही इतका, आणि त्या क्षणी बुडबुड्याच्या आत निदान ५००० केल्विन तापमान असतं. एवढं सगळं बोटाच्या पेराएवढ्या जागेत, आणि शेजारी तुमच्या सासूबाई झोपलेल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाला पाण्याखाली ऐकायच्या यंत्रांत सतत कडकड ऐकू यायची, तिच्यावर मुद्दाम संशोधन झालं, ती याच कोळंब्यांची निघाली. हा मोठा आकडा तुटला तर दुसऱ्या बाजूचा छोटा आकडा पुढच्या कातींमध्ये मोठा होतो आणि तुटलेल्या जागी छोटा उगवतो, म्हणजे हत्यार कायम राहतं, फक्त हात बदलतो.

काच फुटण्याची खरी भीती वेगळीच आहे आणि त्याबद्दल कोणी व्हिडिओ करत नाही. ही बाई दगडाखालची वाळू उपसते. तुम्ही आधी वाळू टाकून मग तिच्यावर दगड रचले असतील तर एक दिवस खालचा आधार जाणार, दगड घसरणार, काचेवर नाहीतर तिच्यावरच पडणार. म्हणून दगड आधी, थेट खालच्या काचेवर किंवा पीव्हीसीच्या पायांवर टेकवून, हलवून बघून पक्के, आणि वाळू नंतर. तुमचे तसे नसतील तर हे मात्र लवकर करून घ्या, रात्रीचा आवाज राहू द्या.

प्रश्न : मी फतेगंजला राहतो, शिकतोय, बजेट कमी. कोणती श्रिम्प कोणत्या गोबीबरोबर जाते ते सांगाल का? आणि मित्र जामनगरचा आहे, नराराला ओहोटीत चालत जाता येतं, तिथून एखादा लाइव्ह रॉक (जीव चिकटलेला समुद्रातला दगड) आणि श्रिम्प आणली तर खर्च वाचेल ना?
— एक विद्यार्थी

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं आधी. नाही. नरारा हे कच्छच्या आखातातल्या मरीन नॅशनल पार्कच्या हद्दीत येतं, १९८२ चं, भारतातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. तिथून दगड काय, शिंपलाही उचलायचा नाही. आणि कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्या यादीत, म्हणजे प्रवाळ चिकटलेला दगड घरी सापडला तर मासे सांभाळायचे राहतील बाजूला. नराराला जरूर जा, घोटाभर पाण्यात उभे राहून बघा आणि हात हलवत परत या. टँकसाठी ड्राय रॉक, म्हणजे जीव नसलेला कोरडा दगड, घ्या, स्वस्त पडतो, बाटलीतले बॅक्टेरिया टाकून चार-सहा आठवडे सायकल होऊ द्या, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय काहीही सोडू नका.

आता जोड्या. टायगर पिस्टल, शास्त्रीय नाव अल्फियस बेल्युलस, ही दणकट आणि कोणाशीही जमवून घेणारी, पिवळ्या वॉचमनबरोबर सहसा बसते, नवशिक्याने हीच घ्यावी असं माझं मत. पिवळा वॉचमन दुकानात कधी राखाडी-तपकिरीही असतो, तीच जात आहे, स्वस्तात मिळाला तर घेऊन टाका. दुसरी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची रँडल्स पिस्टल, लहानखुरी, नाजूक, ती याशा गोबी, हायफिन गोबी किंवा रँडल्स गोबीबरोबर. गंमत म्हणजे ही श्रिम्प आणि तो गोबी दोघांनाही जॉन रँडल या एकाच मत्स्यशास्त्रज्ञाचं नाव आहे. पण याशा महाग आणि घाबरट, बजेट कमी असताना तिकडे बघू नका.

प्रत्येक गोबी श्रिम्पबरोबर राहत नाही हे दुकानदार सांगत नाहीत. निऑन गोबी, क्लाउन गोबी, वाळू चाळणारा डायमंड गोबी, यांना श्रिम्पशी देणंघेणं नाही, आणि डायमंड गोबी तर उलट तिचं बीळ विस्कटतो. हॉकफिश नको, ट्रिगर नको, मोठे रास (wrasse) मासे नको, तिघांनाही कोळंबी म्हणजे जेवणच. वाळू नुसती पिठासारखी बारीक घेतलीत तर बोगदा ढासळत राहतो, मध्यम वाळूत शिंपल्यांचे आणि रॉकचे छोटे तुकडे मिसळा, पाच ते सात सेंटीमीटर थर. कोरलचे फ्रॅग (लावायला आणलेले छोटे तुकडे) वाळूवर ठेवू नका, सकाळी पुरलेले सापडतील. आणि झाकण, बारीक जाळीचं, पहिल्या दिवसापासून, कारण गोबी उडी मारतात आणि सोफ्यामागे वाळलेले सापडतात.

प्रश्न : मे महिन्यात टँकचं पाणी ३१ वर जातं. चिलर परवडत नाही. पंखा लावला तर चालतो का? आणि लाइट गेली तर काय?
— कारेलीबाग

उत्तर : पंखा चालतो, आणि बडोद्याच्या मेमध्ये छान चालतो, कारण हवा कोरडी असते. पाण्यावर तिरका लावला तर दोन-तीन डिग्री उतरतात. पण तेवढंच पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणजे खारटपणा चढतो. त्यामुळे रोज टॉप-अप, तो साध्या आरओ-डीआय (क्षार पूर्ण काढलेल्या) पाण्याने, मिठाच्या पाण्याने नाही, हे लोक हमखास उलटं करतात. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, १.०२५ धरा. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी टीडीएस मीटरने तपासा, त्यात बहुतेक वेळा चवीसाठी थोडं मूळ पाणी मिसळलेलं असतं, आपल्याला शून्य हवं.

जुलैत तोच पंखा नुसता फिरतो, दमट हवेत पाणी उडत नाही. तेव्हा खोलीचा एसी दुपारी लावणं किंवा लाइट संध्याकाळी सहानंतर चालू करणं हे दोनच उपाय. मी २५-२६ धरतो, २८ पर्यंत निभावतं, ३० च्या वर ऑक्सिजन कमी पडायला लागतो.

लाइट जाण्याचं म्हणाल तर तुम्ही कारेलीबागचे, २०२४ च्या ऑगस्टमधला विश्वामित्रीचा पूर तुम्हाला मी काय सांगणार. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि दोन जास्तीचे सेल घरात ठेवाच, आधी हवा, बाकी सगळं नंतर. लाइट नसेपर्यंत खाणं बंद. आणि तळमजल्यावर राहत असाल तर टँकचा स्टँड उंच करा, सॉकेट त्याहून उंच.

प्रश्न : क्लाउनफिशला पांढरे ठिपके आलेत, दुकानदाराने निळं औषध दिलंय, म्हणाला टँकमध्येच टाका. टाकू?
— गोत्री

उत्तर : नका टाकू! आधी बाटलीवर वाचा, तांबं असेल तर श्रिम्प मरते, कोरल मरतात, आणि तांबं दगडात आणि वाळूत मुरून बसतं, पुढेही त्रास देतं. तांबं लिहिलेलं नसलं तरी टाकू नका. सगळे मासे, गोबी धरून, वेगळ्या टबात काढा आणि औषध तिथे द्या. मोठ्या टँकमध्ये अडीच महिने मासा नको, म्हणजे यजमान न मिळाल्याने ठिपके आणणारे परजीवी संपतात. गोबी पकडताना बीळ उकरू नका, रात्री लाइट बंद असताना तो बिळात असतो, सकाळी खाण्याच्या वेळी बाहेर येतो तेव्हा जाळीने धरा. श्रिम्प एकटी राहील, तिला काही होत नाही, फक्त दर दोन दिवसांनी मायसिसचे दोन दाणे पिपेटने बिळाच्या तोंडात सोडत चला, कारण एरवी तिच्यापर्यंत खाणं बरंचसं गोबीमुळेच पोचतं.