उचल घेण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बायको सारखी रडते, पोरगी रात्रभर झोपू देत नाही, घरात पाय ठेवू वाटत नाही, असं तू लिहिलंस. लिहिलंस ते बरं केलंस. तुझ्या वयाची पोरं हे कुणाला सांगत नाहीत, टपरीवर बसतात आणि घरी उशिरा जातात.

पोरीचं आधी. तान्हं बाळ दीड-दोन महिन्यांचं असताना सगळ्यात जास्त रडतं, तीन-चार महिन्यांनी ते कमी होत जातं. तुमची तीन महिन्यांची झाली, म्हणजे आता उतार लागेल. दृष्ट काढत बसू नका. दूध पुरतंय का, ते अंगणवाडीत वजन करून कळतं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, घुटी नको, पाणीही नको. रात्री फारच डोकं फिरलं तर तिला अंथरुणावर नीट ठेव आणि पाच मिनिटं अंगणात जाऊन उभा राहा. रडू दे तेवढं. पण रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवायचं नाही, मेंदूत रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो.

आता तिच्या आईचं. माहेरी सव्वा महिना शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, उशाशी आई. तिथून तुमच्याकडे आली ती थेट भाकरी, धुणं आणि हंड्याला. एकोणीस वर्षांची आहे रे ती. तूही एकोणीसचाच. (कायद्यानं मुलाला २१ लागतात, पण ते अक्षता टाकणाऱ्यांना ऐकवायला हवं होतं. आपल्या बीड जिल्ह्यात २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत २० ते २४ वयाच्या १०० बायकांत जवळपास ४४ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं.) बाळंतपणानंतर आठवडाभर रडू येतं आणि जातं. ते दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, जेवण नको झालं, तर तो आजार आहे आणि तो उपचारानं बरा होतो. देवऋषी नको, आशाताईला सांग. १४४१६ या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी नंबरवर फोन लाव, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात. मेलेलं बरं अशी भाषा तिच्या तोंडी आली तर एकटीला सोडू नकोस, त्याच दिवशी दवाखान्यात ने. फोन तू स्वतःसाठीही करू शकतोस, बापांनाही हे होतं.

"काय करू ते तिनं सांगावं," म्हणतोस. सांगायला लागणं हेच तिला जड जातं. एक वेळ तुझ्या अंगावर घे. रात्री नऊला पाजून तिनं झोपावं, एक वाजेपर्यंत लंगोट, झोळी, ढेकर सगळं तुझं. भूक लागली तरच तिला उठवायचं. आई "बाईलवेडा" म्हणेल. वाद घालू नकोस, तिच्या देखत लंगोट धू. आईला मी ओळखते, बोलून बोलून थकेल.

खरी गोष्ट पुढेच आहे. मुकादम दसऱ्याच्या आसपास ऊसतोडीसाठी पूर्ण कोयत्याची, म्हणजे नवरा-बायको जोडीची, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन दारात येईल. पैसे तू मोजून घेणार, आणि फेडणार दोघं. उसाच्या फडात तिचा दिवस पहाटे तीनला चुलीपाशी सुरू होतो, मग मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायच्या. पोरगी बांधावर झोळीत. ती रडली की मोळी टाकून धावायचं, आणि खाडा पडला की दंड. या सगळ्यावर तिनं रडायचं पण नाही, असं तुला म्हणायचंय का? मला विचारशील तर यंदा अर्धाच कोयता लाव, म्हणजे तू एकटाच जा. उचल कमी मिळेल, कर्ज राहील, आणि पाच-सहा महिने तू लांब राहशील, हे मला कळतं. परत येशील तेव्हा पोरगी तुला बघून रडेलही. तरी हा हिशेब तिच्यासमोर बसून कर, बापासमोर नाही. ती म्हणाली, "मी येते," तर कोपीत (फडावरच्या झोपडीत) पाणी भरणं आणि सकाळची चूल तुझी, हे इथूनच ठरवून निघा. लसीचं कार्ड बरोबर घ्या, कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालतं. नऊ महिन्यांची गोवराची लस हंगामाच्या शेवटाला येईल.

दुसरं मूल तीन वर्षं तरी नको. तांबी (कॉपर-टी) असो की अंतराचं इंजेक्शन, तिच्याबरोबर तू जायचंस. निरोध तर तुझाच.

ती थांबली तर बारावीचा १७ नंबरचा फॉर्म (बाहेरून परीक्षेला बसायचा) भरता येईल, दहावी झालीच आहे तिची. तारीख शाळेत विचारून ठेव.

मुकादमाला हो म्हणण्याआधी मला कळव. आणि चौदाव्या आठवड्याची लस राहिली आहे, उपकेंद्रात पोरीला तू घेऊन ये, आजीला पाठवू नकोस.

तुझी,
सिस्टर मावशी