थंडीत ट्रॅक्टरची लिफ्ट उचलत नसेल तर: जुन्या ट्रॅक्टरधारकांच्या प्रश्नांना उत्तर

शेतकरी बंधूंनो, उन्हाळ कांद्याच्या लागवडीसाठी रोटाव्हेटर आणि सरी यंत्राची कामे सुरू झाल्यापासून निफाड, येवला व सिन्नर भागातून हायड्रॉलिक लिफ्टविषयी, म्हणजे तेलाच्या दाबाने मागचे औजार उचलणाऱ्या यंत्रणेविषयी, प्रश्न येत आहेत. त्यांतील तीन प्रश्न वारंवार विचारले गेले आहेत. पहिला असा की, सकाळी ट्रॅक्टर सुरू केल्यावर लिफ्ट औजार उचलतच नाही किंवा अगदी सावकाश उचलते आणि ऊन चढल्यावर आपोआप नीट चालू लागते, तर पंप बदलावा का? दुसऱ्या शेतकऱ्यांची तक्रार नेमकी उलट आहे: सकाळी लिफ्ट उत्तम चालते, पण तासाभराच्या कामानंतर रोटाव्हेटर उचलला जात नाही. तिसरा प्रश्न असा की, लिफ्ट कमजोर झाली असल्यास जाडे तेल टाकावे, हा गावातील सल्ला मानावा का?

या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच निरीक्षणावर उभे आहे. बिघाड तेल थंड असताना दिसतो की गरम झाल्यावर, हे प्रथम पाहावे. थंड असताना दिसणारा आणि तेल तापल्यावर नाहीसा होणारा दोष बहुतेक वेळा पंपापर्यंत तेल पोहोचण्याच्या मार्गात असतो. तेल तापल्यावर सुरू होणारा दोष मात्र पंप, व्हॉल्व किंवा पिस्टनच्या झिजेचा असतो. एवढे पाहण्याआधीच लिफ्टचे झाकण उघडून पंप बदलण्याचा खर्च करू नये.

सकाळच्या बिघाडाचे कारण समजून घेण्यासाठी पंपाची एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. पंप तेल बाहेर ढकलताना मोठा दाब निर्माण करतो, आणि बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत हा दाब 150 ते 200 किलो प्रति चौरस सेंटीमीटरच्या दरम्यान असतो. पण तेल आत घेताना त्याच्या मदतीला केवळ हवेचा दाब असतो आणि तो जेमतेम 1 किलो असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर ज्या पहाटे पारा 5 अंशांच्या खाली जातो, त्या पहाटे गिअरबॉक्समधील तेल (बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत लिफ्टही याच तेलावर चालते) 40 अंशांच्या मानाने साधारण दहा पट दाट झालेले असते. असे तेल पंपाकडे जाण्यापूर्वी ज्या जाळीतून गाळले जाते, त्या गाळाने अर्धवट भरलेल्या जाळीतून एवढ्या तुटपुंज्या दाबाने पुढे सरकत नाही, पंप उपाशी राहतो आणि सीटखालून कर्कश आवाज येऊ लागतो. हा आवाज ऐकूनही ट्रॅक्टर जोरात फिरवत ठेवल्यास पंपाच्या आतील पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात, आणि जाळी धुण्यावर भागणारे काम पंपाच्या खर्चावर जाते.

म्हणून तपासणीची सुरुवात तेलापासून करावी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, औजार जमिनीवर टेकवावे, हायड्रॉलिक ट्रॉली जोडलेली असल्यास तिचा जॅक पूर्ण खाली करावा, इंजिन बंद करावे आणि नंतरच डिपस्टिक पाहावी. जॅक वर असताना बरेच तेल त्याच्या नळकांड्यात असते, त्यामुळे पातळी खोटी कमी दिसते आणि शेतकरी विनाकारण तेल ओततात. एकमेकांची ट्रॉली वापरण्याची आपल्याकडे पद्धतच आहे. त्या ट्रॉलीच्या जॅकमधील घाण, पाणी आणि वेगळ्याच प्रकारचे तेल आपल्या ट्रॅक्टरात येते. कपलिंग पुसून जोडण्याची सवय असलेले चालक फार थोडे आहेत.

तेलाचा रंग दुधाळ किंवा चहासारखा दिसला, तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. हिवाळ्यात दिवसा तापलेले गिअरबॉक्सचे घर रात्री गार होते, त्यावेळी आत आलेल्या दमट हवेतील बाष्प आतल्या बाजूस जमते. गिअर लिव्हरचे फाटलेले रबर आणि ट्रॅक्टर धुताना मारलेला पाण्याचा जोरदार फवारा ही त्याहून मोठी कारणे आहेत. खात्री करण्यासाठी रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा तळाचा बोल्ट सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी किंचित सैल करून पहिले अर्धा पेला तेल काचेच्या बाटलीत घ्यावे, कारण पाणी जड असल्याने तळाशी बसलेले असते. त्यातील एक थेंब, ट्रॅक्टर व डिझेलपासून दूर, तापलेल्या जुन्या तव्यावर टाकल्यास पाणी असलेले तेल तडतडते. पाणी निघाले, तर वर नवे तेल टाकून भागत नाही; सर्व तेल बदलावे लागते. हे काम मात्र सकाळी न करता संध्याकाळी, शेतातून आल्यावर तेल कोमट असतानाच करावे, म्हणजे गाळही त्याच्यासोबत बाहेर पडतो.

तेल काढले की जाळी किंवा फिल्टर काढणे ओघानेच आले. जाळी डिझेलमध्ये धुऊन आतून बाहेर हवा मारावी, फडक्याने पुसू नये, कारण फडक्याचे धागे पुढे कंट्रोल व्हॉल्वमध्ये अडकतात. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरण्यात काही हशील नाही. जाळीवर आलेला कीस चुंबकाला लागतो की नाही, तेही पाहावे: पिवळा, चुंबकाला न चिकटणारा कीस भरपूर असेल, तर पितळी बुश झिजू लागल्याची ती खूण आहे. जाळी बसवताना जुने पॅकिंग किंवा ओ-रिंग पुन्हा वापरल्यास तेथून पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो आणि लिफ्ट धक्के देत वर जाते. मग दुरुस्तीनंतर बिघाड वाढला, अशी तक्रार येते.

जुना ट्रॅक्टर नुकताच विकत घेतलेल्या बंधूंसाठी येथे एक सूचना आवश्यक वाटते. मॅसी फर्ग्युसन 1035 सारख्या बांधणीत हायड्रॉलिक पंप गिअरबॉक्सच्या आत असतो आणि तो पीटीओच्या, म्हणजे रोटाव्हेटरसारख्या औजाराला फिरवणाऱ्या मागच्या, शाफ्टवर फिरतो. पीटीओचा लिव्हर जोडलेला नसेल, तर पंप फिरतच नाही. तसेच दुहेरी क्लच पूर्ण दाबल्यावर पंपही थांबतो. इंजिनवरून थेट पंप फिरणाऱ्या ट्रॅक्टरची सवय असलेल्या चालकाला हे लक्षात येत नाही. त्याचप्रमाणे ट्रॉलीकडे तेल वळवणारा लिव्हर ट्रॉलीच्याच बाजूस राहिला आहे का, आणि ड्राफ्ट कंट्रोल (औजारावरील ओढीनुसार लिफ्ट हलवणारा) व पोझिशन कंट्रोल (औजाराची उंची ठरवणारा) हे दोन्ही लिव्हर योग्य जागी आहेत का, हे मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी पाहावे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. सकाळी चालणारी आणि तापल्यावर हरणारी लिफ्ट आतून गळत असते. तेल पातळ झाले की झिजलेल्या फटींतून ते मागे परतते. याचा निकाल अंदाजाने लावू नये. बाहेरच्या तेल जोडणीला दाबमापक लावून तेल गरम असताना दाब पाहावा आणि तो आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडावा. दाब कमी असेल, तर रिलीफ व्हॉल्व (दाब मर्यादेपलीकडे गेल्यास तेल सोडून देणारी झडप) आणि पंप यांची तपासणी करावी. दाब पुरेसा असूनही औजार उचलले जात नसेल किंवा इंजिन बंद करताच भराभर खाली येत असेल, तर पिस्टनची ओ-रिंग, सिलिंडर किंवा कंट्रोल व्हॉल्व यांत दोष आहे. हे काम घरी करण्याचे नाही, जाणत्या फिटरकडेच द्यावे.

जाड्या तेलाचा सल्ला मी स्पष्टपणे नाकारतो. उन्हाळ्यात 90 किंवा 140 नंबरचे गिअर तेल टाकल्यावर झिजलेल्या पंपाची गळती काही काळ झाकली जाते, त्यामुळे सल्ला खरा ठरल्यासारखा वाटतो. परंतु तेच तेल डिसेंबरात जाळीतून जात नाही, आणि सकाळच्या बिघाडाच्या अनेक तक्रारींचे मूळ मागील उन्हाळ्यातील या उपायात असते. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरांत चुकीच्या तेलाने ब्रेकही बिघडतात. याच्या उलट, थंडीत तेल पातळ करण्यासाठी त्यात डिझेल मिसळण्याचा प्रकारही तितकाच घातक आहे. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच तेल, सर्वच्या सर्व एकाच प्रकारचे, वापरावे.

तेल व जाळी ठीक असतानाही कडाक्याच्या थंडीत लिफ्टला थोडा वेळ द्यावाच लागतो. इंजिन सुरू केल्यावर रोटाव्हेटरचा शाफ्ट न जोडता, गिअर न्यूट्रल ठेवून आणि पंप पीटीओवर चालत असल्यास त्याचा लिव्हर जोडून, मध्यम वेगावर दहा मिनिटे ट्रॅक्टर चालू ठेवावा व नंतर रिकामी लिफ्ट चार-सहा वेळा वरखाली करावी. फिरणाऱ्या पीटीओजवळ कोणालाही येऊ देऊ नये. लिव्हर पूर्ण वर ओढून रिलीफ व्हॉल्व वाजवत तेल तापवू नये. काही ठिकाणी गिअरबॉक्सखाली शेकोटी पेटवली जाते. तेथे गळलेले तेल आणि डिझेल असते, त्यामुळे हा प्रकार तत्काळ बंद करावा. तपासणी करताना उचललेल्या औजाराखाली शिरू नये, औजार खाली घ्यावे किंवा त्याला भक्कम लाकडी ठोकळ्यांचा आधार द्यावा. दाबाच्या नळीची गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. कारण त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून तेल आत घुसवते. तसे घडल्यास जखम कितीही लहान दिसली तरी त्याच क्षणी रुग्णालयात जावे आणि तेल आत गेले आहे, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे.