‘ग्रेहाउंड’ हा युद्धपट खऱ्या घटनेवर आहे का? बघण्यासारखा आहे का?

गोष्ट काल्पनिक, अटलांटिकची लढाई मात्र खरी. आणि बघाच, फक्त जेवताना मोबाइलवर नको. मी तेच केलं आणि वीस मिनिटांत बंद केला, कारण सगळे नुसते दिशांचे नि अंतरांचे आकडे ओरडत होते. पुढे एका रात्री हेडफोन लावून बघितला तेव्हा कळलं, ते आकडे हाच तर सिनेमा आहे.

फेब्रुवारी १९४२. ३७ जहाजांचा ताफा लिव्हरपूलकडे निघालाय, राखणीला चार युद्धनौका. मध्ये एक पट्टा असा, की किनाऱ्यावरची विमानं तिथवर पोचत नाहीत. जर्मन पाणबुड्या नेमक्या तिथेच टपलेल्या. टॉम हँक्स हा विनाशिकेचा (राखणीच्या वेगवान युद्धनौकेचा) कप्तान क्राउझ. केस पिकलेत, पण युद्धातली ही पहिलीच मोहीम. पटकथाही हँक्सचीच, सी. एस. फॉरेस्टर यांच्या १९५५च्या कादंबरीवरून.

मी खिळून राहिलो ते एका गोष्टीमुळे: कप्तानाला शत्रू बहुतेक वेळ दिसतच नाही. सोनारवाला (पेठेतला नव्हे, आवाजावरून पाण्याखालची पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रावरचा) कान लावून बसलेला. तो काय ऐकतो ते टेलिफोनवरचं पोरगं कप्तानाला सांगतं. कप्तान हुकूम सोडतो, सुकाणूवाला तोच हुकूम मोठ्यांदा परत म्हणतो, मग कुठे जहाज वळायला लागतं. तेवढ्यात पाणबुडी सरकलेली! त्यात ती अगदी जवळ आली की सोनारच्या टप्प्याखाली जाते आणि संपर्क तुटतो. डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकायचे ते नेमके तेव्हाच. म्हणजे शेवटचा घाव अंदाजानंच घालायचा, आणि डेप्थ चार्जही मोजकेच उरलेले.

मोठमोठ्या स्फोटांपेक्षा मला आठवतात ते कप्तानाचे पाय. उभं राहून राहून रक्ताळलेत, बूट काढून तो सपाता मागवतो. ताटातलं अन्न तसंच निवतंय.

खटकलं तेही सांगतो. पाणबुडीवाला रेडिओवर येऊन टोमणे मारतो, हा शुद्ध फिल्मीपणा. रेडिओवर बोललं की आपली जागा उघडी पडते. चित्रीकरण अमेरिकेतल्या बॅटन रूजमधल्या ‘यूएसएस किड’ या संग्रहालय-नौकेवर झालंय. ती फ्लेचर वर्गातली, आणि त्या वर्गातलं पहिलं जहाज नौदलात आलंच जून १९४२मध्ये, म्हणजे गोष्टीतल्या फेब्रुवारीनंतर. प्रेयसीच्या आठवणींचे प्रसंग तर उपरेच वाटतात.

आणखी एक खंत: ज्यांना वाचवायचं, त्या मालवाहू जहाजांवरची माणसं जवळपास दिसतच नाहीत. त्या काळी ब्रिटिश जहाजांवर रत्नागिरीचे, गोव्याचे कितीतरी खलाशी होते. टॉर्पेडो लागला की इंजिनरूमवाल्याला वर यायला वेळ तरी किती मिळणार?

अ‍ॅपल टीव्हीवर आहे, जेमतेम दीड तासाचा. मध्ये थांबवू नका. कुठली पाणबुडी कुठल्या अंगाला होती ते डोक्यातून निघून जातं.