छापील सांगाड्याने हाड भरून येतं का?

प्रश्न : अपघातात मुलाच्या नडगीचं 5 सेंमी हाड गेलं. त्या जागी थ्री-डी प्रिंटरवर छापलेला सच्छिद्र सांगाडा (नवं हाड वाढायला आधार देणारी जाळी) बसवावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जखमेत जंतुसंसर्ग असेल तर आधी तो पूर्ण जायला हवा, नाहीतर सांगाड्यातच जंतू ठाण मांडतात आणि तो काढावा लागतो. सीटी स्कॅनच्या मापाने पॉलिकॅप्रोलॅक्टोन (शरीरात हळूहळू विरघळणारं प्लास्टिक) आणि कॅल्शियम फॉस्फेट (हाडातल्यासारखं खनिज) यांचा सांगाडा छापतात. छिद्रं साधारण 300 ते 500 मायक्रॉनची, म्हणजे 0.3 ते 0.5 मिमीची हवीत. फार बारीक असली तर रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत, मधला भाग पोकळच राहतो. एवढ्या पोकळीला नुसता सांगाडा सहसा पुरत नाही, कमरेच्या हाडाचा चुराही भरतात. शरीराचा भार प्लेट किंवा रॉडच पेलतो, म्हणून डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगेपर्यंत पायावर पूर्ण वजन नको. तंबाखू, सिगारेट असेल तर आजच सोडायला लावा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, हाड जुळत नाही. ही पद्धत अजून सरसकट वापरात नाही. पायाभोवती बाहेरून बसवून रोज 1 मिमी हाड सरकवणाऱ्या इलिझारोव्ह रिंगबद्दलही डॉक्टरांना जरूर विचारा.