आत्यांच्या एफडीचे २२ लाख होमलोनला टाकू का?

नमस्कार दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. नाशिकच्या आत्या तीन महिन्यांपूर्वी गेल्या, यजमान आधीच गेलेले, मूलबाळ नाही. विलमध्ये एक्झिक्युटर, म्हणजे विलप्रमाणे सगळं पार पाडणारे, तुम्ही. फ्लॅट धाकट्या चुलत बहिणीला, सहा वर्षं आत्यांचं सगळं करणाऱ्या ताईंना ३ लाख, उरलेलं तुम्हा तिघा भावंडांत सारखं. एफडीला नॉमिनी तुम्ही म्हणून बँकेने २२ लाख तुमच्या सेव्हिंगला जमा केले आणि आता तुम्ही म्हणताय की पैसे पडून कशाला राहायचे, माझ्या साडेआठ टक्क्यांच्या होमलोनला भरतो, बहिणींना त्याच व्याजाने दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने देतो, म्हणजे कुणाचंच नुकसान नाही.

गणित बरोबर आहे, महिन्याला साडेपंधरा हजाराच्या आसपास व्याज वाचेल. तरी करू नका. तुमची नियत चांगली आहे हे पत्रातून दिसतंच आहे, पण ते पैसे तुमचे नाहीत. नॉमिनी म्हणजे बँकेने ज्याच्या हातात पैसे द्यायचे तो, मालक नव्हे. आणि एक्झिक्युटरने दुसऱ्यांचे पैसे स्वतःच्या कर्जाला वापरले तर तो सरळसरळ गैरवापर धरला जातो, नुकसान झालं की खिशातून भरायचं. समजा उद्या तुमची नोकरी गेली, हप्ते थांबले, तर बहिणी बँकेकडे जाऊन काय सांगणार, पैसे तर कर्जात विरघळले.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे आणि ती तुम्ही एका ओळीत उडवलीत. "सासरकडच्या पुतण्यांनी दहाव्याला विलबद्दल विचारलं होतं." दादा, ते सहज विचारलेलं नाही हो! हिंदू वारसा कायद्यात मूलबाळ नसलेली विधवा बाई विल न करता गेली तर तिची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरचे त्यांच्यानंतर. म्हणजे हे विल टिकलं नाही तर फ्लॅट आणि एफडी बहुतेक त्याच पुतण्यांकडे जातील, अपवाद आत्यांना आईवडिलांकडून काही मिळालं असेल तर तेवढ्याचा. तुम्ही २२ लाख वाटून किंवा वापरून बसलात आणि सहा महिन्यांनी कोर्टाची नोटीस आली तर वसूल कुणाकडून करणार?

म्हणून माझं मत, प्रोबेट घ्या, म्हणजे विल खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का. प्रोबेटच्या सक्तीचा मुंबईचा जुना नियम नाशिकमध्ये केलेल्या, नाशिकच्याच मालमत्तेच्या विलला कधी लागूच नव्हता, त्यामुळे तुमचे वकील "गरज नाही" म्हणाले ते चूक नाही. पण गरज नसणं आणि शहाणपण नसणं वेगळं. प्रोबेटमध्ये सगळ्या जवळच्यांना नोटीस जाते, ज्याला हरकत घ्यायची तो तिथेच घेतो, आणि एकदा मिळालं की विल खरं का खोटं हा वाद सहसा उरत नाही. तुमच्या विलवर दोन साक्षीदार आहेत, त्यातले एक फॅमिली डॉक्टर ७८ वर्षांचे. किमान एका साक्षीदाराला कोर्टात सांगावं लागतं की आत्यांनी सही माझ्यासमोर केली. ते हिंडतेफिरते आहेत तोवर हे उरकून घ्या, पुढच्या वर्षावर ढकलू नका.

तोवर पैशाचं काय, तर नवीन वेगळं खातं उघडा ज्यात तुमचा एक रुपया नाही, २२ लाख तिकडे वळवा आणि मोठ्या बँकेत छोट्या मुदतीच्या एफडीत ठेवा. पतसंस्था टक्का दीड टक्का जास्त देते म्हणून तिकडे नको, बँकेच्या ठेवीला निदान ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तोही नाही. आणि एक साधी दोनशे पानी वही करा. तारीख, कुणाला, कशासाठी, पावती नंबर. प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षात हिशोब कोर्टात द्यायचा असतो, तेव्हा हीच वही उपयोगाला येते. आमच्या घरात काकांनी आजीचं सगळं प्रामाणिकपणे केलं पण लिहून काही ठेवलं नाही, बांगड्या मोडून हॉस्पिटल भरलं त्याची चिठ्ठीसुद्धा नाही, आणि त्यावरून दोन आत्या आजतागायत आमच्याकडे येत नाहीत. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

देणी आधी, वाटणी नंतर. अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च पहिला, तुम्ही कार्डावर भरलेलं हॉस्पिटलचं बिल यातूनच घ्या. मग कोर्टाचा खर्च, मग घरकाम करणाऱ्यांचा शेवटच्या तीन महिन्यांतला थकलेला पगार, मग सोसायटी, टॅक्स वगैरे बाकीची देणी. आत्यांचं शेवटचं रिटर्न राहिलंय ते वारस म्हणून भरा, त्या गेल्यानंतरचं व्याज त्यात बसत नाही, ते इस्टेटचं, म्हणजे आत्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेचं, वेगळं दाखवायचं, सीएला आत्ताच सांगा.

थोरल्या बहिणीच्या मुलाची फी अडलीय हे कळतं. पण मृत्यूपासून एक वर्षाच्या आत हिस्से द्यायचं बंधन कायद्यानेच तुमच्यावर नाही, तिला नीट समजावून सांगा. अगदीच अडलं तर फीपुरते तुमच्या स्वतःच्या पैशातून उसने द्या, इस्टेटमधून नाही.

राहता राहिल्या सांभाळणाऱ्या ताई. त्यांचे ३ लाख प्रोबेटनंतर मिळतील, पण दोन महिन्यांचा पगार थकलाय असं तुम्ही लिहिलंय, तो बक्षिसात धरू नका, ते देणं आहे. नवीन खातं उघडलं आणि अंत्यविधी, हॉस्पिटल, कोर्टाचा खर्च बाजूला काढला की लगेच त्यांचा चेक काढा आणि वहीत त्यांची सही घ्या.