पासपोर्ट तांदळाच्या डब्यात

"मॅडम, एकच सांगा. पाठवायचं की नाही?"

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचे आईबाप समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा हा प्रश्न खुर्चीत नीट बसायच्या आधीच विचारतात. मूल नैराश्यात असेल तर जास्तच. असाच एक अनुभव घरच्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

नागपूरच्या धरमपेठेतलं जोडपं. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. चार महिन्यांपासून दुपारपर्यंत अंथरुणात, दोन पेपर दिलेच नाहीत, मित्रांबरोबर फुटाळा तलावावर जाणंही बंद. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान करून गोळ्या सुरू केल्या होत्या, त्याला दहा दिवस झाले होते. जर्मनीला जायचं वेड मात्र कायम.

वडील म्हणाले, "तिकडे गेला, हवापालट झाली, की सुधरते तो." जर्मन व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे ज्यात आधीच भरून ठेवावे लागतात, त्या ब्लॉक्ड अकाउंटच्या ११,९०४ युरोंचा हिशेब त्यांच्या तोंडपाठ होता. सकाळी पोराला उठवणार कोण, हे त्या हिशेबात नव्हतं. आई गप्प होती, मग हळूच म्हणाली, "मी पासपोर्ट लपवून ठेवला. तांदळाच्या डब्यात. एकटा तिकडे काही करून घेतलं तर?"

मला दोघांचंही पटलं नाही. मेमधल्या उन्हाला शिव्या देणाऱ्या आपल्या नागपूरकरांना हे सांगावंच लागतं, की उत्तर जर्मनीत डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. नवी भाषा, एकट्याची खोली आणि तो अंधार, यात आजार बरा होईल या भरवशावर कोणाला पाठवू नये. पण पासपोर्ट लपवल्याने पोरगा काय शिकला? आपल्यावर घरात कोणाचा विश्वास उरला नाही, एवढंच.

त्याच्याशी एकटी बोलले. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळच विचारलं. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट पोरं सुटकेचा श्वास सोडतात. "सकाळी जागच येऊ नये असं वाटते कधी कधी," तो म्हणाला. पुढचे मिनिटभर आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग हे डॉक्टरांना आणि घरी सांगायचं, असं त्याच्याशीच बोलून ठरवलं. गोळ्यांची पाकिटं आईच्या ताब्यात गेली, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिघांच्याही फोनमध्ये.

"गोळ्यांची सवय लागते नं?" आईची दुसरी भीती. या गोळ्यांचा गुण यायलाच दोन ते चार आठवडे किंवा थोडे जास्त लागतात. नशेसारखी ओढ त्यांची लागत नाही, पण मनाने एकदम बंद केल्या तर त्रास होतो. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने घ्यायच्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

महिनाभराने मी त्याला विचारलं, "जर्मनीतला तुझा साधा मंगळवार कसा असेल?" त्याला सांगताच येईना. "इथून जायचं आहे, बस. तिथं कोणी ओळखत नाही." मग तो मंगळवार इथेच जगून पाहायचं ठरलं. गजर लावून स्वतः उठायचं, आईकडून गोळी आठवणीने स्वतः मागून घ्यायची, वरणभाताचा कुकर लावायचा. पहिल्या आठवड्यात कुकर दोनदा करपला. वडील हसले, तोही हसला. आई म्हणे, किती दिवसांनी हसला.

जर्मन विद्यापीठाच्या प्रवेशअर्जाची त्या वर्षीची १५ जुलैची मुदत आम्ही जाऊ दिली. वडिलांना ते जड गेलं. राहिलेले दोन पेपर निघाले, आणि पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. निघताना औषधाच्या मूळ (जेनेरिक) नावासह प्रिस्क्रिप्शन, तिथल्या विद्यार्थी समुपदेशन केंद्राचा पत्ता आणि खरं सांगता येईल असा एक मित्र, एवढं ठरलेलं होतं. आईने पासपोर्ट आणून दिला तेव्हा त्यातून कडुलिंबाचं वाळलेलं पान पडलं.

नोव्हेंबरात तो घसरला. दोन आठवडे वर्गात गेला नाही. आईचा मला फोन, "परत बोलावू का?" मी म्हटलं, आधी त्याला विचारा. त्याने तिथल्या केंद्रात आदल्याच दिवशी वेळ घेतली होती.